खिळा न ठोकता

जिना चढून वर आले तर माझ्या दाराबाहेर कुणाच्या तरी चपला होत्या. दोन जोड. एक पुरुषी, टाचेकडे झिजलेला. दुसरा बाईचा, अंगठ्याजवळ काळ्या दोऱ्यानं शिवलेला. रोज तिथंच निघत असाव्यात, इतक्या निवांत पडलेल्या. माझ्या एका हातात बॅगेची मूठ होती, दुसऱ्यात नांदेडच्या स्टेशनवर घेतलेली पाण्याची बाटली. प्रवासानं पाय सुजले होते, आणि मनात पहिल्यांदा काय आलं, तर आपल्या चपला आता कुठं काढायच्या. आतून कुकरची शिट्टी झाली. मग आणखी एक. दार वाजवायला मी हात उचललासुद्धा होता, पण स्वतःच्या दारावर काय म्हणून टकटक करायची हे सुचेना. मी बॅग पुन्हा एकेक पायरी खाली उतरवू लागले, आवाज न करता, जणू चोरी करून निघाले होते. खालून बाबा म्हणाले, "अगं, वर काहून गेली? तुझं अंथरूण खालीच टाकलं ना."

वरचा मजला माझा होता. कागदावर नव्हे, कागदावर सगळं बाबांच्याच नावावर आहे आणि तसंच असू दे. पण घरात त्याला 'आकांक्षाचं वरचं' म्हणायचे. बाबा वीज खात्यात लाइनमन होते. निवृत्तीनंतर हिंगोलीत त्यांनी हे घर बांधलं, आणि खालचा मजला पुरा होतो न होतो तोच वर एक खोली, स्वयंपाकघर आणि पुढं कठड्याची गच्ची काढली. पोरगी आली का तिला तिचं पायजे, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. तिथल्या फरशीचा रंग मी आयर्लंडमध्ये, कॉर्कच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसून व्हिडिओवर पसंत केला होता. मी तिथं नर्स आहे. ड्यूटी संपवून भाड्याच्या घरी आले, अंथरुणावर पडले आणि झोप येईना, की मी मनातल्या मनात हा जिना चढायचे. कठड्याला हात लावायचे, कुलूप काढायचे, खिडकी उघडायचे. खिडकी उघडेपर्यंत बहुतेक वेळा झोप लागून जायची. वर्षातून पंधरावीस दिवसच मी त्या खोलीत राहायचे, तेही अर्धे दिवस नातेवाइकांकडे जेवणात जायचे. तरी बाकीचं वर्ष ती खोली माझी वाट बघत असते असं मी धरून चालले होते. खोल्या वाट बघत नाहीत, हे मला कळायला हवं होतं. मी काही लहान नाही.

"रिकामी खोली खायला उठती," आई म्हणाली. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं आणि त्या काळजीनं ती आधीच सगळ्यांवर चिडलेली होती. "तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणली असती. मग तुझ्या बापानं दिली नसती. म्हणून न्हाई सांगितलं."

"कोण आहेत?"

"शिवहार हाय, शिरड शहापूरचा, धनगराचं पोरगं. गाड्याच्या शोरूमात कामाला हाय. अंजली त्याची बायकू, लई गुणाची. सांजच्याला वर पावलं वाजतात तवा मला बरं वाटतं."

तू तरी कुठं येऊन राहतीस, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. तिनं फक्त माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मी ती मुकाट्यानं खाल्ली आणि सबंध दुपार घरात येरझाऱ्या घालत राहिले. बसले की वर काहीतरी सरकवल्याचा आवाज यायचा. उठले की आई विचारायची, आता कुठं निघाली. कुठंच नाही म्हणून मी बाजारात जायचे, नको असलेली मेथी घेऊन यायचे, आणि दारात पाय ठेवला की पुन्हा वर बघायचे. गच्चीच्या दोरीवर एक पिवळा परकर वाळत होता. परकराचा मला इतका राग येईल असं कधी वाटलं नव्हतं.

राग यायला कारण होतं, आणि ते कॉर्कमध्ये होतं. आम्ही राहतो ते घर मालकाला विकायचंय. दिवाळीआधी सोडा, असं त्यानं अतिशय गोड भाषेत कळवलं. तेव्हापासून माझ्या नवऱ्यानं, प्रमोदनं, घरं बघण्याचा धडाका लावला. पुन्हा भाड्यानंच शोधायचं तर एकेका घरामागं रांग लागते. दारात उभं राहून, हसून, आपण किती स्वच्छ आणि किती शांत माणसं आहोत हे अनोळखी माणसाला पटवून द्यावं लागतं. प्रमोदला त्या हसण्याचा वीट आला. त्याला चढावर एक छोटं घर सापडलं. पुढं वीतभर बाग, मागं कपडे वाळवायला जागा, वर दोन खोल्या. बँक तयार होती, विकणाऱ्या बाई तयार होत्या, आमची लेक मिना तर आपल्या खोलीत पलंग कुठं ते ठरवून बसली होती. मीच तयार नव्हते. शुक्रवारपर्यंत हो की नाही सांगायचं होतं. आईचं ऑपरेशन करून येते, तिथून सांगते, असं म्हणून मी मिनाला त्याच्यापाशी ठेवून निघाले. निघताना तो म्हणाला, "तू विचार करायला चाललीस की लपायला?" प्रमोद इकडच्याच डोंगरकडा गावचा. बोलतो कमी, आणि बोलतो ते नेमकं बोचेल असं.

लपायलाच चालले होते. कॉर्कमध्ये कुणी विचारलं, कुठं राहतेस, की मी गल्लीचं नाव सांगायचे. आणि घर कुठं आहे असं विचारलं की डोळ्यांपुढं हा जिना यायचा. राहणं एकीकडं, घर एकीकडं. ही सोय मी इतकी वर्षं जपली होती. तिथं पावसात भिजत बसची वाट बघताना, वॉर्डातली एखादी म्हातारी माझं नाव पाचव्यांदा चुकीचं घेताना, मी स्वतःला सांगायचे की हे काही आपलं कायमचं नाही. चढावरचं ते घर घेतलं की हे वाक्य मला पुन्हा वापरता येणार नव्हतं. प्रमोदची मागणी साधी होती, दोन्ही एका ठिकाणी असावं. मला ती जबरदस्ती वाटत होती. आणि आता बाबांनीच खोली दिली. म्हणजे माझ्याआधी त्यांनी ठरवलं होतं की पोरगी काही परत येत नाही. मला विचारायचं तरी. मी नको म्हणाले असते, आणि नको म्हणून पुन्हा परत आले नसते, हे खरं. पण विचारायचं तरी.

ऑपरेशन नीट झालं. आई डोळ्यावर हिरवी पट्टी लावून पुढच्या खोलीत पडून राहिली आणि वरच्या पावलांवरून मला घरबसल्या खबरी देऊ लागली. शिवहार निघाला. अंजलीनं पीठ मळायला घेतलं. आता ती गच्चीत आली. मी म्हटलं, आई, तू डोळ्यांनी एवढं बघत नव्हतीस. त्याच दिवशी दुपारी अंजली खाली आली, बारीक चणीची, केस घट्ट ओढून बांधलेली, आणि दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, वर या ना चहाला. तुमचीच खोली हाय, आन् तुमीच आल्या न्हाईत."

तुमचीच खोली हाय. असं म्हणताना तिला काहीच वाटलं नव्हतं, मलाच घाम फुटला. मी गेले. शिवहार बूट घालून कामावर गेला होता, दोन्ही जोड तिथंच होते. त्यांच्याशेजारी माझ्या चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं तर फरशी तीच होती, मी निवडलेली राखाडी. बाकी सगळं दुसऱ्याचं. पण माझी नजर भिंतींवर गेली आणि तिथंच राहिली. भिंती कोऱ्या होत्या. एक खिळा नाही. शर्ट खिडकीच्या गजाला अडकवलेले. आरसा जमिनीवर ठेवून भिंतीला टेकवलेला, म्हणजे भांग पाडायचा तर मांडी घालून बसायला हवं. कॅलेंडर सुरळी करून खिडकीत ठेवलेलं. हे घर मला ठाऊक होतं. मी यातच राहते. कॉर्कच्या करारात पहिल्याच पानावर आहे, भिंतीला खिळा मारायचा नाही. आम्ही चिकटवायचे हूक आणतो, थंडीत ते सुटतात, आणि मिनाची चित्रं फ्रिजच्या दारावर एकावर एक चढत जातात. कुठलाही पाहुणा न सांगता ओळखेल की ही माणसं उद्या जाणार आहेत.

"कॅलेंडर का नाही लावलं?" मी विचारलं. मला उत्तर ऐकायचं नव्हतं.

"काका म्हणले, भिंतीला खिळा ठोकू नका. ताईची खोली हाय." चहा गाळता गाळता ती बोलून गेली. काका म्हणजे बाबा. साखरेचा डबा काढायला तिनं कपाट उघडलं, आणि गव्हाच्या डब्यामागं मला लाल फडक्यावर ओळीनं मांडलेले चांदीचे टाक दिसले. घरचे देव. त्यांच्यापुढं हळदीकुंकू आणि विझलेली एक उदबत्ती. कपाटाचं दार तिनं चटकन लोटलं आणि माझ्याकडं बघितलं. "सकाळच्याला थोडा वेळ उघडते, ताई. वास बाहेर येऊ देत न्हाई. आमी देव्हारा आणला व्हता लग्नात, भिंतीवर लावायचा. पर काका खिळा नको म्हणले, मी समजले देव नको. तुमच्यात चालत न्हाई ना."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. रीत पाळल्यासारखं सांगत होती. दारामागं जुन्या चादरीत गुंडाळलेला देव्हारा उभा होता. मी चहा प्याले, त्यात साखर होती का नव्हती सांगता येणार नाही. कपाट, झाकण, सकाळचा थोडा वेळ. मला जवळा बाजार आठवला, आणि तो एकदा आठवला की लवकर सुटत नाही.

बाबांची बदली झाली की आम्ही जायचो. औंढा, कळमनुरी, जवळा बाजार. वायरमन म्हणून त्यांना सगळं गाव हाक मारायचं, लाइट गेली की रात्रीबेरात्री घरात घ्यायचं, पण राहायला खोली द्यायची वेळ आली की आडनाव विचारायचं. जवळा बाजारला मंजुळाबाईंनी दिली, मागची, गोठ्याशेजारची. बाई बोलायला बऱ्या होत्या. एकच अट होती, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, गिलावा निघतो. बाबांनी बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला. सकाळी ट्रंक उघडायची, तिघांनी समोर उभं राहून हळू आवाजात वंदना म्हणायची, ट्रंक लावायची. मला वाटायचं सगळ्यांकडे असंच असतं. मग एकदा मी मंजुळाबाईंच्या पुढच्या खोलीत गेले, चेंडू आणायला. त्यांच्या भिंतीला जागा उरली नव्हती. देव, कॅलेंडरं, मेलेली माणसं, लग्नातले फोटो, आणि प्रत्येकामागं एक खिळा. गिलावा जागच्या जागी होता. मी बाबांना विचारलं, आपल्याच भिंतीचा गिलावा निघतो का? ते म्हणाले, आपली भिंत मऊ हाय. पुढं मी सायन्स शिकले, आयर्लंडला गेले, पण आपली भिंत मऊ आहे हे वाक्य माझ्या अंगातून गेलं नाही. मी निघाले त्या वर्षी बाबांनी दोन्ही फोटोंची काचेची चौकट करून आणली, चांगली जाड, सागाची. ने, म्हणाले. तिथं खिळा ठोकू देत नाहीत बाबा, मी म्हटलं. दर सुट्टीत ते चौकट काढायचे, दर सुट्टीत मी तेच म्हणायचे, आणि ती परत पलंगाखाली जायची.

आणि आता हाच माणूस एका पोरीला म्हणाला होता, खिळा ठोकू नका. मी जिना उतरले तेव्हा बाबा अंगणात नळीनं जास्वंदीला पाणी घालत होते. मला त्यांना विचारता आलं नाही. चुकून ते 'व्हय, देव नको म्हणून सांगितलं' असं म्हणाले तर मी काय करणार होते? तो दिवस गेला. दुसराही गेला. प्रमोदचे फोन आले, मी आईच्या डोळ्याबद्दल बोलत राहिले. तो म्हणाला, "डोळा बरा आहे कळलं. घराचं काय?" मी म्हटलं, "रेंज नाही." रेंज चांगली होती.

गुरुवारी अंजलीचा सासरा आला, ज्ञानबा. खांद्यावर घोंगडी, पायात जाड वहाणा, आणि आईसाठी शेळीच्या दुधाची किटली. "राम राम वायरमन," असं म्हणून तो जिन्याच्या खालच्या पायरीवरच बसला. बाबा म्हणाले, "जय भीम ज्ञानबा. वर काहून बसत न्हाई?" तो म्हणाला, "मला पायरीच बरी. सुटायला सोपी." बाबा खांबावर चढायचे तेव्हापासूनची त्यांची ओळख. मी चहा दिला, तो बशीत ओतून प्याला आणि त्याची एक तक्रार होती ती त्यानं काढली.

"मी पोराला म्हणलं, भाडं काहून द्यायचं? आमच्या खानदानात कोणी दिलं न्हाई. आमी मेंढरं घेऊन ज्याच्या रानात बसतो तोच आमाला ज्वारी देतो. लेंडीखत पडतं ना त्याच्या रानात. राहायचं आमी घेतो, देत न्हाई."

"मग शिवहारनं माझ्या गच्चीत खत टाकावं काय?" बाबा म्हणाले, आणि दोघं हसत सुटले. आई आतून ओरडली की हसू नका, मला हसायचं न्हाई, डॉक्टरनं सांगितलंय.

मग ज्ञानबानं माझ्याकडं मोर्चा वळवला. "तिकडं घर घेऊन राहिली म्हणं पोरगी?"

"ठरलं नाही अजून."

"घेऊ नको. घेतलं का तिथलीच व्हती. आमच्या चुलत्यानं परभणीला घर घेतलं, आता मेंढरू पायलं का नाकाला रुमाल लावतो." बिडी काढून, आईच्या ऑपरेशनची आठवण होऊन त्यानं ती परत खिशात घातली. "आन् आमची सून बघा. इथं येऊन किती दिवस झाले, अजून म्हणती घर वाटत न्हाई. म्हणलं देव बसवा. तर गप बसती. कोणाला भ्याली काय म्हाईत."

बाबांचा चेहरा मी पाहत होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं. ते मान हलवून म्हणाले, "नवीन हाय, बसंल." देवाचं कारण नव्हतं तर. मग उरलं एकच कारण, आणि ते मी होते.

शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी विषय काढला. आई पट्टीखाली झोपली होती किंवा झोपल्यासारखं करत होती. मी म्हटलं, "बाबा, वर खिळा ठोकू नका म्हणून तुमी सांगितलं?"

"व्हय."

"काहून?"

"तुझी खोली हाय ती. तू आली का तुला भोकं पडलेली भिंत द्यायची काय?"

"माझी होती तर दिली कशाला?"

"तुझी हाय म्हणून तर ठोकू दिलं न्हाई." त्यांना हे अगदी सरळ वाटत होतं. "देताना मी त्याला सांगितलं, पोरगी येतो म्हणली का महिन्यात सोडायची. तो बरं म्हणला."

म्हणजे त्यांनी काही ठरवलं नव्हतं. मी ठरवत नव्हते, म्हणून त्यांनी ती भिंत माझ्यासाठी कोरी राखली होती, आणि त्या कोऱ्या भिंतीखाली दुसरं कुणीतरी उद्या निघाल्यासारखं राहत होतं. कॉर्कमध्ये मालकाच्या गोड पत्रावर मी किती चिडले होते, आणि इथं तसलंच पत्र माझ्या नावानं कधीच देऊन झालं होतं. मला स्वतःचा संताप आला. आणि संताप आला की मी नेहमी दुसऱ्यावर काढते.

"मंजुळाबाई बी हेच म्हणायच्या," मी म्हटलं.

बाबा एकदम ताठ झाले. मग म्हणाले, "तिचं नाव इथं काढायचं न्हाई. तिला खिळ्याची तकलीफ नव्हती. आपुन सामान टेम्पोत भरत होतो, तवा मागून तिनं खोली धुवायला काढली. गोमूत्र टाकून. तू टेम्पोत बसली व्हती, तुला दिसलं न्हाई. मी पायलं. मी धुतली काय कोणाची फरशी?"

"न्हाई बाबा. पर वर ती पोरगी गव्हाच्या डब्यामागं देव लपवून बसली. तिला वाटतं तुमाला देव नको. सकाळी कपाट उघडती, हात जोडती, लावून टाकती."

सत्तरीच्या या माणसाला मी रडताना पाहिलेलं नाही, तेव्हाही ते रडले नाहीत. फक्त त्यांनी विचारलं, "कपाट लावती?" मी म्हटलं, "ट्रंकेसारखं." ते उठले, आतल्या खोलीत गेले, त्यांची जुनी खाकी पिशवी उचकल्याचा आवाज आला. हातोडी आणि मूठभर खिळे घेऊन आले. मला वाटलं आता स्वतः जिना चढतील, खांबावर चढायचे तसे, न थांबता. त्यांनी हातोडी माझ्यापुढं धरली.

"तूच ठोक. खोली तुझी हाय. मी ठोकला तर उद्या तू म्हणशील, बाबानं दिली."

हातोडीची मूठ त्यांच्या हातानं गुळगुळीत झालेली होती. मी ती घेऊन वर गेले, चपला बाहेर काढल्या, दार वाजवलं. अंजलीनं उघडलं आणि हातोडी बघून दोन पावलं मागं सरली. मी म्हटलं, "देव्हारा काढ. कुठं पाहिजे?" ती म्हणाली, "काका?" मी म्हटलं, "काकांनीच दिली हातोडी." तिला जागा सांगता येईना. पूर्व कुठली हेसुद्धा ती विसरली. मग हळूच तिनं स्वयंपाकघराच्या बाजूच्या भिंतीवर बोट ठेवलं. मी सुया टोचते, सलाइन लावते, माझा हात कधी थरथरत नाही. पहिला खिळा वाकला. माझ्या राखाडी फरशीवर पांढरा चुरा पडला. खालून आईचा आवाज आला, कोण ठोकून राहिलं? बाबा म्हणाले, "आकांक्षा." त्यावर आई म्हणाली, "मग ठोकू द्या." दुसरा खिळा आत गेला. आत जाताना भिंतीचा आवाज बदलत जातो, सुरुवातीला पोकळ आणि मग भरीव, हे मला माहीतच नव्हतं. मी कधी भिंतीत खिळा ठोकलाच नव्हता, कुठल्याच देशात. तिसराही बसला, आणि मला रडू आलं. अंजलीला वाटलं बोटाला लागलं. ती पाणी घेऊन धावली. मी तिला सांगितलं, काही नाही, चुरा गेला डोळ्यात. माझी खोली गेली होती. माझ्याच हातानं गेली होती, आणि मला वाईट वाटत होतं, आणि हातोडी खाली ठेववत नव्हती. मी आरशासाठी एक ठोकला, कॅलेंडरसाठी एक ठोकला, शर्टांसाठी दाराजवळ दोन.

तिनं टाक मांडले, हळदीकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली आणि वास मोकळा सोडला. मग तळहातावर गुळाचा खडा घेऊन माझ्यासमोर थांबली, द्यावा की नाही या विचारात. मी देव मानत नाही. गूळ मानते. मी तो तोंडात टाकला तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्यानं हसली.

खाली आले तर माझ्या बॅगेवर ती चौकट ठेवलेली होती, जुन्या धोतरात गुंडाळून, वरून सुतळी बांधलेली. बाबा दिसले नाहीत. मी त्यांना शोधलं नाही. कॉर्कमध्ये तेव्हा सकाळ होती, मिनाची शाळेची गडबड. फोन लावला तर मागं तिच्या बुटांचा शोध चालला होता.

"बोल," प्रमोद म्हणाला. "आज शुक्रवार आहे."

"त्या चढावरच्या घराची पुढच्या खोलीची भिंत कशाची आहे?"

"हे काय आता?"

"सांग ना."

"आत लाकडाचे उभे दांडे आणि वरून प्लास्टरचा पातळ बोर्ड. आतून पोकळ. दांडा सापडला तर खिळा बसतो, नाहीतर भोक पडून निघून येतो."

"दांडा सापडेल?"

"ठोकून बघावं लागेल."

"मग त्यांना हो म्हणून सांग."

मागून मिना विचारत होती, आई कधी येणार. मग त्यानं घसा खाकरला आणि डोंगरकड्याच्या बोलीत, जी तो तिथं कधी वापरत नाही, म्हणाला, "नक्की का? मागून न्हाई म्हणू नको." मी म्हटलं, "नक्की." तसं काही नक्की नव्हतं. त्या घराच्या पुढच्या वीतभर बागेत काय लावायचं हे मला माहीत नव्हतं, झोप येईना तर आता कुठला जिना चढायचा हेही माहीत नव्हतं. पण हो म्हटलं होतं. मी फोन ठेवला. वर आरसा लावल्याचा, मग अंजली दोन पावलं मागं सरून थांबल्याचा आवाज आला. आई पट्टीखालून म्हणाली, "बघती कशी दिसते ती. पयल्यांदा उभं राहून बघून राहिली."

बाबांना शोधायला अंगणात जावं म्हणून दाराशी आले तर पायात काही नव्हतं. चपला वरच राहिल्या होत्या. मी जिना चढले. दाराबाहेर आता तीन जोड होते आणि आतून उदबत्तीचा वास येत होता. त्यातला माझा जोड मी हातात उचलला आणि दार न वाजवता खाली आले.